बोटभर पाणी

आमची थोरली जाऊ राजकारणात गेली तेव्हा पहिला फटका मला बसला. सभा तिच्या आणि भांडी माझी, असं घरात वाटप झालं. ती सरपंचाच्या खुर्चीवर बसायची आणि तिच्या वाटणीच्या म्हशीखाली मी. तक्रार केली की म्हणायची, तू आहेस म्हणून मी बाहेर पडते गं, आणि मी लगेच विरघळायचे. गोड बोलून काम काढून घेणं तिला राजकारणानं शिकवलं नाही, ते ती माहेराहूनच घेऊन आली होती.

बायकांसाठी राखीव जागा निघाली तेव्हा मामंजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनीच तिला उभी केली होती. त्यांचा बेत सरळ होता. सून सही करील आणि सासरा गाव चालवील. वर्षभर तसं चाललंही. मग एकदा वाचल्याशिवाय सही करायची नाही म्हणून ही अडून बसली आणि मामंजींनी रागानं ओट्यावर ताट मागून घेतलं. ओट्यावर माश्या फार, म्हणून ते पुन्हा आत आले आणि गाव चालवायचा नाद त्यांनी सोडला. पुढच्या निवडणुकीत जागा राखीव नव्हती, तरी थोरली निवडून आली. तेव्हापासून तालुक्याचे पुढारी आमच्या घरी चहाला यायला लागले. त्यातला एक भर उन्हाळ्यातही जाकीट घालायचा. आम्ही त्याला जाकीटच म्हणायचो.

आता पाटाचं सांगते, कारण सगळं रामायण पाटावरूनच झालं. आमचं शेत पाटाच्या मुखाशी. धरणातून निघालेलं पाणी पहिल्यांदा आमच्या बांधाला घासून जातं. पुढं गावाची शेतं, मग माळ, मग खालच्या वाड्या आणि अगदी शेवटी शेपूट. शेपटालाही पाट आहे, बांधीव आहे, पण त्यात पोरं गोट्या खेळतात. थोरली तिथलीच. लग्न होऊन आली तेव्हा भरलेला पाट बघत नुसती उभी राहिली होती, असं सासूबाई सांगायच्या. मामंजींनी तिला हाक मारली आणि दारं धरायला शिकवलं. दगडी खोबणीत लाकडी फळी बसवायची, वर चिखल आणि गवत थापायचं, झालं दार बंद. फळी उचलली की पाणी शेतात. वर्षभरात ती या कामात पुरुषांना भारी झाली.

त्या साली धरण निम्मंच भरलं. उन्हाळ्यात पाण्याची एकच पाळी सुटणार, असं ठरलं. थोरलीनं पाटबंधाऱ्याच्या कचेरीत खेटे घालून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. या खेपेला पाणी शेपटापासून वर येणार. शेपूट भिजलं की खालच्या वाड्या, मग माळ, मग गाव, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही. तोवर वरची सगळी दारं बंद.

गावात आग लागली. पाण्यात राहून माशाशी वैर करायला निघाली म्हणाले. माहेरची ओढ आहे, दुसरं काय, असंही म्हणाले. मामंजींनी तिच्याशी बोलणंच टाकलं. काही हवं असलं की माझ्याकडे बघून म्हणायचे, "सरपंचांना सांग, चष्मा सापडत नाही." जाकीट मात्र खूश होता. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. मतदारसंघात असे कितीतरी पाट आणि प्रत्येक पाटाला शेपूट. या एका शेपटाला पाणी पोचवून दाखवा, तिकीट तुमचं, असं तो ओट्यावर बसून सांगून गेला. त्या दिवशी थोरली माझ्याबरोबर भांडी घासायला बसली. राख हातात तशीच धरून म्हणाली की आमदार झाले तर हा पाट कायमचा सरळ करीन, एका पाळीपुरता नाही. तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिला ते किती हवं होतं हे मला तेव्हा कळलं.

पाणी सुटायच्या दिवशी सारा गाव आमच्या बांधावर जमला. पहिलं दार आमचं, म्हणून सुरुवात आमच्यापासून. थोरलीनं चपला काढल्या, पदर खोचला आणि पाटात उतरली. पाणी पोटऱ्यांना लागत होतं. तिच्या नवऱ्यानं, म्हणजे थोरल्या भाऊजींनी, फळी दिली. मी चिखलाच्या पाट्या देत होते. तिनं फळी खोबणीत धरली, टाचेनं दाबली, गवत कोंबलं आणि चिखल असा सपासप थापला की बघत राहावं. जाकिटानं टाळ्या वाजवल्या. मामंजी छत्री उघडून बांधावर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. मग एकेकानं आपापलं दार बंद केलं. कचेरीच्या पाटकऱ्यानं फिरून सगळं बघितलं आणि चांगलं झालं म्हणाला. वरून बघितल्यावर सगळं चांगलंच दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन बाहेर आले, तर अंगणात माणसं. शेपटाची माणसं होती, पहाटे निघून पाटाच्या कडेकडेनं वर चालत आलेली. पाणी माळावरच जिरलं होतं, खाली थेंब गेला नव्हता. मग ते कुठं जातंय हे बघत बघत ते मुखापर्यंत आले होते. त्यांच्यात थोरलीची आई होती. काटकुळी बाई, डोईवर पदर, आणि पाय घोट्याच्या वरपर्यंत चिखलानं भरलेले. तो चिखल आमच्या कांद्याच्या रानातला होता.

थोरली बाहेर आली. आईच्या पायांकडे बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी पाय धुवायला तांब्या पुढं केला. म्हातारी म्हणाली, "असू दे. एवढं तरी तुमच्या पाण्यातलं घरी घेऊन जाते."

ती घरात आली नाही. लेकीच्या दारातून चहा न घेता गेलेली आई मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

थोरली अनवाणीच दाराकडे पळाली, मागोमाग मी. निम्मं रान ओलं होतं. तिनं चिखल उकरला, फळी उचलली आणि खाली हात घातला. हातात चपटा, गुळगुळीत दगड आला.

हा दगड आमच्या घरात सगळ्यांना माहीत होता. फळीखाली तो सरकवला की फळी पुरती बसत नाही, खालून बोटभर फट राहते. वरून दार बंद आणि खालून रान भिजतंय. याला गावात 'बोटभर ठेवणं' म्हणतात आणि त्यात कुणाला चोरी वाटत नाही. एवढ्या मोठ्या पाटातलं बोटभर, त्यानं कुणाचं काय जातं? कुणी बोलत नाही, कारण प्रत्येकाच्या दाराखाली बोट आहे.

"अक्का, कुणी ठेवला हा?" मी विचारलं.

ती पाटातच उभी होती. तिनं फळी पुन्हा खोबणीत धरली, आणि मी बघतेय तर तिचा उजवा पाय आपसूक पुढं गेला, अंगठ्यानं तळ चाचपायला लागला, दगड शोधायला. इतक्या वर्षांची सवय. फळी धरली की पाय जायचाच. सगळ्या गावासमोर, टाळ्यांच्या गजरात, तिनं स्वतःच तो दगड सरकवला होता आणि तिला पत्ताही नव्हता. ती मटकन काठावर बसली आणि रडली. सरपंच झाल्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

दुपारी जाकीट धावत आला. गावात बोभाटा झाला होता. ज्यांच्या स्वतःच्या रानात बेडूक ओरडत होते ते लोकही सरपंचांनी गावाला फसवलं म्हणून चौकात हातवारे करत होते. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही आमच्या गावाची जुनी खोड. जाकिटाचं म्हणणं असं की घाबरण्यासारखं काही नाही, फक्त थोरलीचा हात त्यात नव्हता हे उद्याच्या गावसभेत सांगून टाकायचं. कुणाचं तरी नाव घ्यायचं. घरातल्या गड्याचं घ्या म्हणाला. आमच्याकडे गडी नव्हता. गड्याचं काम मीच करत होते, तेव्हा मी त्याच्याकडे जरा रोखून बघितलं.

"माझं नाव सांग."

मामंजी कोपऱ्यातून बोलले. पाणी शेपटापासून वर येणार म्हटल्यापासून ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते. "तो दगड मीच नदीतून आणलाय. पाय कसा सरकवायचा ते तुला मीच शिकवलं. म्हातारा आहे, मला कोण काय करणार? आणि त्यात खोटं तरी काय आहे?"

भाऊजी बापाकडे बघत राहिले. जाकीट मात्र खुलला. हे उत्तम, म्हाताऱ्या माणसाला लोक माफ करतात, असं काहीतरी म्हणाला.

थोरली मामंजींच्या पायाशी जाऊन बसली. "शिकवलं तुम्ही, मामंजी. पण पाय माझा होता."

"तिकीट जाईल तुझं."

"जाईल," ती म्हणाली. तिला तिकिटाची पर्वा नव्हती असं कुणी समजू नये. तिला ते हवं होतं, तहान लागल्यावर पाणी हवं असतं तसं हवं होतं.

जाकीट म्हणाला की असं बोलून कुणी आमदार होत नसतं. मी त्याला चहा दिला, बिनसाखरेचा. राजकारणात माझा तेवढाच वाटा होता.

गावसभा शाळेच्या पटांगणात भरली. शेपटाची माणसंही आली होती, मागं उभी होती. थोरलीनं टेबलावर दगड ठेवला आणि सरळ सांगितलं. हा माझ्या दाराखाली होता, माझ्याच पायानं तिथं गेला. मी मुद्दाम केलं नाही, पण पाणी काही ते विचारून आत येत नाही. आमच्या रानानं आपली पाळी खाल्ली. आता या उन्हाळ्यात आमचं दार उघडणार नाही.

त्या रानात निम्मा कांदा माझ्या घामाचा होता. मला कुणी विचारलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी उठून जाणार, तेवढ्यात शेजारी बसलेली सुतारीण फिसकन हसली. सासर वाळवून माहेर भिजवायला निघाली, म्हणाली. मी पुन्हा खाली बसले. घरच्या भांडणात बाहेरच्यानं हसलेलं मला चालत नाही.

मग थोरली म्हणाली, "माझ्या दाराखाली दगड निघाला. चला, आता बाकीची दारं बघू."

आतापर्यंत ओरडणारे लोक आभाळाकडे, झाडाकडे, चपलांकडे बघायला लागले. कुणी उठेना. मी उठले. शाळेच्या भिंतीला टेकवलेलं एक फावडं होतं, ते उचललं. कुणाचं होतं ते अजून माहीत नाही, पण नंतर परत कुणी मागितलंही नाही. मागून शेपटाच्या बायका पुढं आल्या. थोरलीची आई सगळ्यांत पुढं होती.

आम्ही दारोदार फिरलो. दर दाराशी तेच, चिखल उकरायचा, फळी उचलायची, खाली हात घालायचा. कुठं दगड निघाला, कुठं वीट. मास्तरांच्या दाराखाली फुटकी पाटी निघाली. आधीच्या सरपंचांच्या दाराखाली तर मापानं ओतलेला सिमेंटचा ठोकळा, चारी कडा घासलेल्या. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एक, वाहून आला असेल. भाऊजी कधी बोलत नाहीत, पण तेही म्हणाले की एवढं सगळं वाहून यायचं तर धरणच फुटायला हवं होतं. ऊन डोक्यावर आलं. माझ्या हातांना फोड आले, बोटांच्या पेरांत चिखल चरचरायला लागला. कुणी दारातून शिव्या दिल्या, कुणी कुत्रं सोडलं. एका घरी पाणी मागितलं तर बाईनं दार लावून घेतलं. गेल्याच आठवड्यात माझ्याकडून विरजण नेलं होतं तिनं.

सुतार आपल्या फळीवरच उभा राहिला. खाली उतरेना. थोरली त्याच्यासमोर पाण्यात उभी राहिली. सुतारानं बराच वेळ वाट बघितली. मग फावड्यानं चिखल उडवला, तो तिच्या गालावर, गळ्यावर बसला. भाऊजी पुढं झाले, तिनं हातानं थांबवलं. गालावरचा चिखल निपटला, हाताच्या ओंजळीत धरला.

"उतरा," ती म्हणाली. "तुमचाच चिखल तुमच्या फळीला लावते. वाया नको जायला."

शेपटाची एक म्हातारी हसली, मग बाकीच्याही हसल्या. सुताराला फळीवर उभं राहणं अवघड झालं. पण तो उतरला तरी फळीखाली काही सापडेना. दोनदा हात घालून बघितला. सुतार हाताची घडी घालून उभा. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. छत्री लावून मामंजी आले होते, उन्हात चालून लालबुंद झालेले. काठी पुढं करून म्हणाले, "डाव्या खोबणीत बघ. त्याच्या बापाला मीच शिकवलं होतं."

खोबणीत लाकडाची पाचर निघाली. सुतारच तो, दगड कशाला वापरेल.

त्यानंतर मामंजी पुढं आणि आम्ही मागं. कुणाचं बोट कुठं आहे, सगळं त्यांना ठाऊक होतं. गावातलं निम्मं बोटभर त्यांनीच शिकवलेलं. दर दाराशी काठी टेकायचे, जागा दाखवायचे आणि मान वळवून उभे राहायचे. घरी येताना माझ्या कानाशी म्हणाले, "सरपंचांना सांग, पाय दुखतायत." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. तर त्यांनी खरंच सांगितलं.

पाणी शेपटाला पोचलं तेव्हा आम्ही त्याच्याबरोबर चालत होतो. पाला, धूळ, वाळकी ढेकळं पुढं ढकलत ते माणसाच्या चालीनं चाललं होतं. पाटात गोट्या खेळणारी पोरं उठली, पण बाजूला होईनात, पाणी पायांना लागेपर्यंत तशीच उभी राहिली. थोरलीची आई काठावर बसली आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. माझ्याकडे बघून म्हणाली, आता धुते. मला रडू आलं. मी फावडं धुण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

तिकीट मात्र गेलंच. पक्षानं ते एका ठेकेदाराला दिलं. मुखाशी जमिनी असलेल्या लोकांना दुखवून चालणार नाही, असं जाकीट सांगायला आला, तोही अंगणातूनच. कांदा आमच्या रानात सुकत होता आणि थोरली दोन दिवस बांधावर बसून त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, संपलं आता.

मग एक दिवस दुसऱ्या पाटाच्या शेपटाचे लोक आले. आमच्याकडेही दारं बघायला या, म्हणाले. ती गेली, मला घेऊन गेली. त्यांच्यानंतर तिसऱ्या पाटाचे आले. मतदारसंघातली किती शेपटं आम्ही त्या उन्हाळ्यात तुडवली ते मला सांगता येणार नाही. भाऊजी ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन यायचे, ट्रॉलीत बायका आणि फावडी. थोरली सभेत एवढंच सांगायची की पहिला दगड माझ्या दाराखाली निघाला, आता तुमचं बघू. लोक आधी हसायचे, मग फावडी उचलायचे. कधी तिनं अपक्ष म्हणून अर्ज भरायचं ठरवलं, मला सांगता येत नाही. एका संध्याकाळी भांडी घासताना तिनं सांगितलं आणि मी म्हटलं, मग म्हशीचं काय? ती म्हणाली, तू आहेस ना. मी विरघळले.

ती निवडून आली. मताधिक्य फार नव्हतं. मुखाच्या गावांनी तिला पाडायला काही कमी केलं नाही, आमच्या गावातही सुताराच्या आळीनं ठेकेदारालाच मतं दिली. पण शेपटं सगळी तिची झाली. पेपरात फोटो आला, त्यात माझा अर्धा चेहरा आहे.

राजधानीला जायच्या दिवशी ती नवी साडी नेसली. गाडी अंगणातून निघाली, तिच्या शेजारी मी, बसस्थानकापर्यंत सोडायला. तेव्हा नेमकं रब्बीचं पाणी सुटलं होतं, पुन्हा शेपटापासून वर. पाटापाशी आल्यावर तिनं गाडी थांबवायला सांगितली. आमच्या दाराशी मामंजी छत्री लावून बसले होते. त्या दिवशी फळी त्यांनी स्वतः बसवली होती आणि कुणाला हात लावू दिला नव्हता.

थोरली उतरली. चपला काढल्या, नवी साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि पाटात उतरली. मी वरून म्हटलं, अक्का, अगं साडी. तिनं ऐकलं नाही. वाकून फळीखाली हात घातला, या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला, मग दोन्ही खोबण्यांत. राखणीला म्हातारा बसलेला, त्यानं स्वतः बसवलेली फळी, आणि ही त्याच्यासमोर तपासते आहे. आता हे पुन्हा ओट्यावर ताट मागणार, असं मला वाटलं.

मामंजींनी छत्री बाजूला ठेवली आणि तिला वर यायला हात दिला.

"काही निघालं?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"बघत जा," ते म्हणाले. "तिकडंही असंच वाकून बघत जा. तिथली दारं मोठी असतील."

तिनं पाटाच्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि गाडीत येऊन बसली. बसस्थानक आलं. नखांत चिखल तसाच राहिला होता, आणि मी तो काढ म्हणून तिला सांगितलं नाही.